अब्बांचा डोंगर

आमच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर एक दगड असायचा. दोन मुठींएवढा, राखाडी, आणि एका बाजूला शिंपल्याचा ठसा. अब्बा 1986 साली सुट्टीवर आले तेव्हा अत्तराच्या बाटल्या आणि दूध पावडरच्या डब्यांबरोबर तोही बॅगेतून निघाला. शिंपला आहे म्हणजे मस्कतच्या किनाऱ्यावरचा असणार, असं आम्ही तिघं भावंडं धरून चाललो. अब्बा म्हणायचे, "समुद्रावरचा नाय, डोंगरावरचा हाय." आम्ही हसायचो. कोकणातल्या पोरांना समुद्र कुठे आणि डोंगर कुठे हे काय शिकवायचं!

अब्बा ओमानमध्ये 17 वर्षं पाण्याचा टँकर चालवायचे. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी. त्यामुळे आमचे अब्बा तिघांचे तीन निराळे आहेत. भाईचे अब्बा म्हणजे पत्रातून हिशेब विचारणारा माणूस. चौदाव्या वर्षी घराची जबाबदारी त्याच्यावर आली आणि ती त्याने अजून खाली ठेवलेली नाही. आपाचे अब्बा लग्नाच्या वेळी सोन्याच्या पाटल्या घेऊन आले आणि नवव्या दिवशी परत गेले. धाकट्याला मात्र ते पूर्ण मिळाले, कारण तो शाळेत जायला लागला तेव्हा ते कायमचे परतले होते. आता धाकटा स्वतःच मस्कतला नोकरी करतो.

अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली. पैकी दीड वर्ष आम्ही तिघं एका खोलीत बसलो नव्हतो. कारण लपवण्यासारखं नाही, बऱ्याच घरांत तेच असतं. आपाने तिचा हिस्सा मागितला. मुलीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलेला आहे हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण आमच्याकडची रीत अशी की बहिणीने तो भावांना सोडून द्यायचा आणि भावांनी तिला ईदला साडी पाठवायची. आपाने सोडला नाही. दोघा भावांना ते लागलं. चुकतंय कोण, हे माहीत असल्यामुळे जास्तच लागलं.

गेल्या नोव्हेंबरात धाकट्याने दोघांना तिकिटं पाठवली. म्हणाला, अब्बांचा डोंगर बघायला या. वाटणीचा विषय काढायचा नाही, एवढी एकच अट. आपाने येताना अम्मीला न विचारता बरणीवरचा दगड उचलून आणला. अब्बांनी जिथून उचलला तिथे, माथ्यावर, तो ठेवून यायचा असं तिच्या मनात होतं.

डोंगराचं नाव जबल शम्स. सूर्याचा डोंगर. ओमानमधला सगळ्यात उंच. त्याचं उत्तरेचं शिखर तीन हजार मीटरांच्या थोडं वर आहे, पण तिथे लष्कराचा तळ असल्यामुळे सामान्य माणसाला जाता येत नाही. लोक जातात ते दक्षिण शिखरावर, 2,997 मीटर. आपली कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. अर्थात गाडी दोन हजार मीटरांच्या आसपास पठारावर नेऊन सोडते. पायी चढायचे ते वरचे हजारेक मीटर. जाऊन-येऊन नऊ-दहा तास धरावे असं धाकट्याने चौकशी करून ठेवलं होतं. चौकशी त्याने त्याच्या वयाच्या लोकांकडे केली होती, हे आमच्या नंतर लक्षात आलं. भाई 52 वर्षांचा आहे आणि त्याला साखर आहे. आपाचा उजवा गुडघा पावसाळा सांगतो.

मस्कतहून निझवा, तिथून अल हमरा, मग घूलच्या खोऱ्यातून वळणावळणांनी वर. रात्र पठारावर तंबूत काढली. नोव्हेंबरातली थंडी बोचरी होती. ओमान म्हणजे गरमी, या समजुतीने आणलेले कपडे सगळे एकावर एक चढवले. फज्र पढून सहा वाजता निघालो. वाटेवर खडकांना पिवळा, पांढरा, लाल असे तीन पट्टे रंगवलेले आहेत. एक खूण गाठायची आणि पुढची शोधायची. अर्धा तास खूण दिसली नाही तर मागे फिरायचं, एवढं सोपं गणित.

पहिले दोन तास छान गेले. उजव्या हाताला वादी नखरची दरी, सुमारे हजार मीटर खोल. कड्याजवळ पालथं पडून डोकावलं तेव्हा आमच्या पायाखालून गिधाडं तरंगत होती. पाठीमागून दोन शेळ्या येत राहिल्या. संत्र्याची सालं त्यांनी खाल्लीच, पण भाईच्या हातातला कागदी रुमालही नेला. वर वर जाऊ तशी जुनिपरची झाडं लागली, खोडं पिळवटलेली, काही अर्धी वाळलेली आणि अर्धी हिरवी.

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाचा. हा चुनखडीचा, म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी उथळ उबदार समुद्रात शिंपल्यांचा आणि बारीक जिवांचा गाळ साचत गेला, त्याचा दगड झाला आणि जमिनीच्या रेट्याने वर उचलला गेला. हे पुस्तकात वाचलेलं होतं. पायाला कळलं ते वेगळं. चुनखडी बुटाला घट्ट पकडते, पण पावसाने विरघळून तिच्यावर अशा धारदार कडा उठलेल्या असतात की हात टेकला की सालटं निघतं. आणि पाणी नाही. एक थेंब नाही. पाऊस पडतो तो भेगांतून थेट डोंगराच्या पोटात जातो आणि कित्येक मैल खाली झऱ्याला येतो. तेच पाणी ओमानी लोकांनी शेकडो वर्षं फलजच्या पाटांतून खजुरीच्या बागांना नेलं. निझवाजवळचा फलज दारिस आम्ही आदल्या दिवशी पाहिला होता; 2006 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे खळाळतं पाणी आणि इथे कोरडा फुफाटा. अब्बांचा टँकर या पठारावर कशासाठी चढत होता, हे कोणी सांगायची गरज उरली नाही.

साडेनऊच्या सुमारास आपा एका खडकापाशी थांबली आणि काहीच बोलली नाही. खडकात शिंपले होते. एक-दोन नाहीत, भिंतीत चिरे बसवावेत तसे दाटीवाटीने. अगदी आमच्या बरणीवरच्यासारखे. आम्ही तिघं तिथे बसलो. अब्बांनी कधी डोंगर चढल्याचं सांगितलं नव्हतं. टँकर उभा करून एखाद्या शुक्रवारी ते इथवर आले असतील, की वाटेत कुठे उतरून दगड उचलला असेल, कोण जाणे. भाई म्हणाला, "आपण खोटारडा म्हणायचो त्यांना." मग उठला आणि पुढे चालू लागला.

अब्बांचा एक नियम होता. वाळवंटात टाकीतलं अर्धं डिझेल संपलं की गाडी वळवायची, पुढचं गाव समोर दिसत असलं तरी. आम्हीही सकाळी ठरवलं होतं, बाराच्या ठोक्याला असू तिथून परत. बारा वाजले तेव्हा आम्ही शेवटच्या धारेखालच्या खिंडीत होतो. आधी जो माथा समजून जीव तोडून चढलो तो माथा नव्हता. खरा त्याच्या पलीकडे निघाला. भाईला घाम फुटलेला, हात थरथरत होते. चार खजूर खाऊन, वीस मिनिटं पडून त्याला बरं वाटलं. पाणी निम्म्याच्या खाली गेलेलं. वळायलाच हवं होतं.

नाही वळलो. यात कुणा एकाचा दोष नाही. तिघांनीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि माघार घेणारा आपण ठरू नये म्हणून तिघंही गप्प राहिलो. दीड वर्ष घरात जे चाललं होतं तेच पुन्हा, फक्त उंचावर.

एकला दहा मिनिटं असताना माथ्यावर पोचलो. वारा इतका की टोपी धरून उभं राहावं लागे. समोर लष्कराच्या तळाचा पांढरा गोल घुमट, उत्तरेला डोंगर तुटून खाली धुरकट सपाटी. पाणी पिण्यापुरतंच उरलेलं, म्हणून खडकाच्या खोबणीतल्या धुळीवर तयम्मुम केला. आम्ही शाफई; जुहर आणि असर एकत्र, कसर करून पढलो. किब्ला गावासारखाच पश्चिमेला. अब्बांसाठी दुआ मागितली.

मग आपाने दगड मागितला. तो भाईच्या पाठपिशवीत होता. भाईने मान खाली घातली. दगड गाडीतच होता. पहाटे निघताना त्याने तो गुपचूप काढला आणि त्या जागी दीड लिटरची बाटली भरली होती. आपा रागाने लाल झाली, आणि मग हसायला लागली. आम्ही सगळेच हसलो. ती बाटली नसती तर पुढचं लिहायला आम्ही बसलो असतो की नाही, शंका आहे.

कारण खरा डोंगर उतरताना लागतो. घसाऱ्यावर आपाचा पाय सरकला आणि तो गुडघा फिरला. त्यापुढे ती एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने भाईचा खांदा धरून आली. चार वाजता पाणी संपलं, भाईच्या बाटलीसकट. मागून उतरणाऱ्या चार मल्याळी मुलांनी त्यांच्यातली एक बाटली दिली आणि आमची अवस्था पाहून पावलं आवरती घेतली. त्यांची नावं विचारायचंही सुचलं नाही. सव्वापाचच्या सुमारास सूर्य गेला. सहापर्यंत पुरता अंधार. पट्टे टॉर्चच्या उजेडात नीट दिसत नाहीत. पांढरा प्रत्येक खडक खूण वाटतो. दोनदा वाट चुकलो. एकदा पुढचा मुलगा ओरडला, "भाई, रुको!" टॉर्च खाली धरला तर उजेडाला तळ सापडला नाही.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आपाचं वजन खांद्यावर घेऊन चालणारा भाई एकदम म्हणाला, "बाय, गेल्यावर मोजणीचा अर्ज टाकतो. सातबाऱ्यावर तुझं नाव चढवून घेऊ."

आपा म्हणाली, "पाय बघून टाक आधी."

धाकटा मागून म्हणाला, की अट मोडली. पण त्याचा आवाज जड झाला होता. अम्मीचा आठवा हिस्सा, घर पडवीसकट मोजायचं की वेगळं, विहिरीचं काय, हे सगळं उरलेल्या तासाभरात निघालं. विहिरीवरून थोडं वाजलंही. विहीर अजून ठरलेली नाही.

सव्वासातला गाडीपाशी आलो. शेजारी तंबू ठोकलेल्या एका ओमानी कुटुंबाने आमच्याकडे पाहिलं, काही न विचारता कहवा आणि खजूर आणून ठेवले. फोनला रेंज आली ती खाली घूलजवळ. अम्मी सकाळपासून जागेवरून हलली नव्हती म्हणे. आधी भाईची साखर विचारली, मग आपाचा गुडघा, मग आम्ही जेवलो का. आणि शेवटी म्हणाली, "माझा दगड कुठाय? दोन दिस बरणीवर वाटी उपडी घातलीय, झाकण हलतंय. येताना आठवणीने घेऊन या."