हनुवटीवरचा लाल डाग

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रूप, म्हणजे विषाणूमुळे स्वरयंत्राजवळ येणारी सूज, सहसा होत नाही, हे मी शिकले होते, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. तरी पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात अडीच महिन्यांची एक मुलगी श्वासाला आवाज येतो म्हणून आली, तेव्हा मी केसपेपरवर ‘क्रूप’ असंच लिहिलं. पावसाळा होता, घरात थोरल्याला सर्दी होती, हिलाही खोकला होता. तोंडातून स्टेरॉइड दिलं, वाफ दिली. आवाज कमी झाला आणि निदान बरोबर निघालं असं मी धरून चालले.

त्या मुलीच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत लाल, किंचित फुगीर डाग होता. आजी म्हणाल्या, “हिनं ग्रहण पाळलं नाही, डॉक्टर. त्याचंच हे.” सून मान खाली घालून बसली होती. तिला असा दोष दिलेला मला बघवेना. मी आजींना नीट समजावलं, की ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. याला हेमॅन्जिओमा म्हणतात, रक्तवाहिन्यांची गाठ. जन्मानंतर काही आठवड्यांत दिसू लागते, काही महिने वाढते, मग हळूहळू आपोआप ओसरते. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं आणि आजींना पटलंही. पण घाबरण्यासारखं काही नाही हे पटवून देण्यात मी इतकी गुंतले, की डाग नेमका दाढीच्या जागी आहे, हे डोळ्यांसमोर असून मनात उतरलं नाही. ओठ, हनुवटी, जबडा, गळ्याचा पुढचा भाग इथे असे डाग पसरलेले असतील, तर तशीच गाठ आत श्वासमार्गातही, स्वरतंतूंच्या जरा खाली, असण्याची शक्यता बरीच वाढते.

आवाज परत आला. पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा आराम. खरी फसगत इथेच होती. स्टेरॉइडने क्रूपची सूज उतरते तशी ही गाठही आक्रसते. 2008 पर्यंत तिचा मुख्य औषधोपचारच तो होता. औषध थांबलं की गाठ पुन्हा डोकं वर काढते. पुढच्या खेपेला मी ‘बाळदमा?’ असं लिहिलं. आई म्हणाली, “मॅडम, हिचा आवाज श्वास घेतानाही येतो आणि सोडतानाही. रडते मात्र अगदी खणखणीत.” स्वरतंतूंच्या खालच्या अडथळ्याचं याहून नेमकं वर्णन मी वर्गातही केलं नसेल. मी केसपेपरवर लिहिलं, ‘आई फार काळजी करते.’

मग एका रात्री तिला रुग्णालयात न्यावं लागलं. गळ्याशी खड्डा पडत होता, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, दूध ओढण्याइतकाही दम नव्हता. तान्ह्या बाळाची स्वरतंतूंखालची श्वासाची वाट जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असते. चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली तरी पाऊण वाट बंद होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी भूल देऊन दुर्बीण घातली. स्वरतंतूंच्या खाली एका बाजूला निळसर लाल, मऊ फुगवटा होता.

यावर आज जे औषध देतात ते प्रोप्रानोलॉल. मुळात ते हृदयाचं आणि रक्तदाबाचं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे नाकावर हेमॅन्जिओमा असलेल्या एका बाळाला स्टेरॉइडमुळे हृदयाचा त्रास झाला, म्हणून हे औषध सुरू केलं, तर दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडलेली दिसली. डॉ. क्रिस्टिन लिओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्याआधी अशा कित्येक बाळांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागे. पण दमा असेल तर प्रोप्रानोलॉल देत नाहीत, आणि माझ्या कागदावर ‘बाळदमा’ तसाच होता. तो मी लिहिलेला शब्द निस्तरेपर्यंत उपचार खोळंबला.

औषध लागू पडलं, आवाज ओसरला. मग माझ्याकडून आणखी एक चूक झाली. डोस किती, कधी, हे मी आईला लिहून दिलं. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर तो डोस द्यायचाच नाही, हे लिहिलं नाही. जुलाब लागून बाळ पीत नव्हतं तेव्हाही तिने नेमाने औषध दिलं. बाळ गार, घामेजलेलं, मलूल होऊन आलं. उपाशीपोटी दिलेल्या औषधाने रक्तातली साखर उतरली होती. वेळेवर साखर मिळाली म्हणून निभावलं. त्या दिवशी मी आईला आधीच्या चुकांसकट सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “आता पुढचा डोस कधी?”

तान्ह्या बाळाच्या श्वासाला आवाज येत असेल, तर बाळ शांत असताना, पिताना आणि रडताना मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. ओठ-हनुवटीवर लाल डाग असेल, किंवा ‘क्रूप’ पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर दुर्बिणीने तपासणी कधी करायची, हे स्पष्ट विचारा. डॉक्टर म्हणाले की तुम्ही फार काळजी करता, तरी विचारा.