दोन टोल्यांचे दान

दान कशाने मोजावे? व्यवहाराच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. शंभर रुपयांपेक्षा हजार रुपये मोठे आणि हजारांपेक्षा लाख मोठे. देणगीदारांच्या नावांचे फलक याच हिशेबाने कोरले जातात. ख्रिस्ती धर्माने मात्र या हिशेबापुढे एका दरिद्री विधवेला उभे केले आहे.

तिची कथा मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येते. यरुशलेमच्या मंदिरात येशू भांडारासमोर बसला होता. लोक येत होते, पैसे टाकत होते. पुष्कळ धनवानांनी मोठ्या रकमा टाकल्या. तेवढ्यात एक विधवा आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. टोली म्हणजे तांब्याचे सर्वांत लहान नाणे. दीनार हे चांदीचे नाणे म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन टोल्या मिळून त्या दीनाराचा जेमतेम ६४ वा भाग होई. येशूने शिष्यांना जवळ बोलावले आणि सर्वांपेक्षा अधिक दान या बाईने केले, असे सांगितले. इतरांनी आपल्या विपुलतेतून दिले होते. तिने आपल्या उणिवेतून दिले होते.

येथे मोजण्याचे मापच बदलते. किती दिले, यापेक्षा देऊन झाल्यावर हाती काय उरले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. धनवानांचे दान निरुपयोगी होते, असे येशू म्हणत नाही. परंतु त्या दानानंतरही त्यांच्या घरची चूल पूर्वीसारखीच पेटणार होती. विधवेच्या उद्याच्या भाकरीची मात्र शाश्वती राहिली नव्हती. मूळ ग्रीक कथेत तिने काय टाकले हे सांगताना जो शब्द योजला आहे, त्याचा अर्थ ‘उपजीविका’ असाही होतो आणि ‘जीवन’ असाही. तिच्या दानात हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. मराठीत ‘दानत’ असा एक सुंदर शब्द आहे. धन हातात असते, दानत अंगी असावी लागते.

ख्रिस्ती श्रद्धेत या त्यागाचे मूळ क्रुसाशी जाऊन पोहोचते. ख्रिस्ताने आपल्याजवळचे काही दिले नाही, तर स्वतःलाच दिले, ही त्या श्रद्धेची धारणा आहे. म्हणून देणारा उपकारकर्ता ठरत नाही. जे त्याला आधीच मिळाले आहे, तेच तो पुढे देत असतो.

तरीही या कथेचा सोयीस्कर अर्थ लावला जाण्याचा धोका आहे. गरिबांनी शेवटचा पैसाही देऊन टाकावा, असा उपदेश तिच्यातून काढता येईल. पण या प्रसंगाच्या लगेच आधी येशूने शास्त्र्यांवर कठोर टीका केली आहे. हे लोक विधवांची घरे गिळंकृत करतात आणि लांबलचक प्रार्थना करतात, असा त्याचा आरोप आहे. त्यामुळे विधवेची थोरवी सांगणारी ही कथा, तिला निष्कांचन ठेवणाऱ्या व्यवस्थेला जाबही विचारते. त्याग स्वतः करायचा असतो. तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही.

या विचाराचे प्रत्यक्ष रूप महाराष्ट्राने पंडिता रमाबाईंच्या जीवनात पाहिले. कोवळ्या वयात, दुष्काळाच्या हालअपेष्टांत, त्यांनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. पदरी लहानगी मनोरमा होती. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. अमेरिकेतील हितचिंतकांनी या सदनासाठी दहा वर्षांपुरते साहाय्य कबूल केले होते. ती मुदत संपत आली असतानाच १८९६-९७ चा भीषण दुष्काळ पडला. हात आखडता घेण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकले असते? रमाबाई मात्र मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नान्न झालेल्या शेकडो मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावी त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. भूक काय असते हे रमाबाईंना दुसऱ्या कोणी सांगावे लागले नाही. त्यांच्या औदार्याचा उगम शिलकीत नव्हता, आठवणीत होता.

त्यांनी केवळ अन्न दिले नाही. मुक्ती सदनातील स्त्रिया लिहायला-वाचायला शिकल्या, शेतात राबल्या, विणकाम करू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. घेणाऱ्याचा हात कायम पसरलेला राहावा, अशी इच्छा खऱ्या दात्याला नसते. तो हात कर्ता व्हावा, पुढे देता व्हावा, यासाठीच तो झिजतो.

यरुशलेमच्या त्या विधवेचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही. दान टाकून ती आली तशी निघून गेली. आपल्याविषयी काय बोलले गेले, हे तिने ऐकल्याचा उल्लेखही कथेत नाही. घरे गिळणाऱ्यांच्या त्या जगात तिने आपले सर्वस्व देऊन टाकले. पुढे अनेक शतकांनी केडगावी दुसऱ्या एका विधवेने बेघर विधवांसाठी घर उभारले. दोन टोल्यांचे मोल कळलेल्या माणसाला याहून वेगळे काय करता येईल?