व्हॉल्व्हची बैठक

माझ्या दिवंगत वडीलबंधूंनी हवाईयन गिटारसाठी बाळगलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील आमच्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे धूळ खात पडल्यानंतर, पुतण्याच्या हट्टापायी मी खाली उतरवला, तेव्हा त्यातून स्वराऐवजी भजी तळल्यासारखा चरचराट ऐकू आला. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३६ साली बाजारात आणलेल्या आणि पुढे फेंडरच्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरांतही नांदलेल्या ६एल६ जातीचे दोन व्हॉल्व्ह त्यात होते. दोष त्यांचाच, अशी परस्पर खातरजमा करून मी नवी जोडी मागवली. पैसे गेले, चरचराट राहिला.

अखेर पेटी उलटी करून, वीज तोडल्यावरही कंडेन्सरांत दबा धरून बसणारा भार रोधकातून उतरवून (येथे उतावीळपणा जिवावर बेततो), मी भिंग लावले, तेव्हा बेकेलाइटच्या एका सॉकेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनांच्या दरम्यान केसाएवढी काळी रेघ दिसली. तिसरी पिन अ‍ॅनोडची, तिच्यावर सुमारे ४०० व्होल्टांचा अंमल. शेजारची दुसरी हीटरची, जिचा कारभार ६.३ व्होल्टांत आटोपतो. इतक्या विषम शेजाऱ्यांमध्ये कधीकाळी ठिणगी उडाली, बेकेलाइटचा कोळसा झाला, आणि कोळसा वीजवाहक असल्यामुळे मज्जाव करण्यासाठी नेमलेल्या चौकीदारानेच चोरवाट खुली केली.

पैठण गेटजवळच्या वृद्ध दुकानदाराने विचारले, “चीनी मिट्टी का दूँ क्या साब, या काला?” चिनी मातीचे सॉकेट ठिसूळ खरे, स्क्रू अंमळ जास्त आवळला की तडकते, पण ठिणगीने त्याचा कोळसा होत नाही, म्हणून दोन्ही बैठकांसाठी मी तेच पसंत केले.

खरी फजिती पुढेच होती. पिना खालून, खाचेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या असतात. मी त्या उलट दिशेने मोजून सर्व तारांना डाग दिले. कळ दाबताच दोन्ही व्हॉल्व्ह दिमाखात उजळले, आवाज मात्र शून्य. “काका, दिवे तर लागलेत!” पुतण्या म्हणाला. लागणारच, कारण उलट मोजणीत दुसरीची सातवी होते आणि त्या दोन्ही हीटरच्याच. बाकी सगळी उलथापालथ. कॅथोडची तार आठव्या पिनेऐवजी रिकाम्या पहिलीवर गेल्यामुळे प्रवाहाचा मार्गच खुंटला आणि नवे व्हॉल्व्ह बचावले.

पुन्हा सर्व उकलले. या खेपेस सॉकेटात जुना, बाद व्हॉल्व्ह बसवूनच डाग दिले, म्हणजे आतल्या पकडी जागच्या हलू नयेत. हीटरच्या तारांना घट्ट पीळ घालून त्या पेटीच्या कोपऱ्यातून नेल्या. पुतण्याने पहिला स्वर छेडला तेव्हा मागे किंचित घुमारा होताच.

स्वयंपाकघरातून बाहेर येत वहिनी म्हणाल्या, तो पूर्वीही होता.