कोषाचं काय करणार, ते आधी ठरव

चि. सोनूस,


तुझा फोन आल्यापासून मामी हसतेय. शेडमधल्या रेशीमअळ्यांनी आम्हाला रात्रीची झोप नाही, आणि तू चौथीच्या वर्गात त्या पाळणार! पाळ की. पण आधी पाला बघ. ही अळी तुतीवरच पोसते, आणि एकूण पाल्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला शेवटच्या, पाचव्या अवस्थेत फस्त करते. एका अंडीपुंजात ४०० च्या वर अंडी असतात, तो मोह नको. दुसऱ्या मोल्टमधून, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकून, उठलेल्या २५-३० अळ्या मीच देईन.

मोल्टवर बसली की अळी मान वर करून गप्प राहते. मुलं म्हणतील, मेली. हात लावू देऊ नकोस, पालाही टाकू नकोस. डासांची अगरबत्ती वर्गात नको, आणि शिपायांना सांग, तंबाखूचा हात लागला तर अळ्या मरतात. मध्ये सुट्ट्या येणार नाहीत असेच दिवस निवड. अळीला रविवार नसतो.

पिकलेली अळी खाणं सोडते. अंग पिवळसर, आरपार दिसेल असं होतं आणि ती डोकं हलवत कोपरा शोधते. आमच्याकडे तिला चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, सोडतात; तुला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे चालेल. आधी विरळ जाळं, मग आत इंग्रजी आठच्या आकड्यासारखं डोकं फिरवत दोन-तीन दिवसांत कोष.

आणि मग मुलं विचारतील, आता पुढे? आम्ही कोष जालन्याच्या बाजारात विकतो. पुढे ते उष्णतेत ठेवून आतला जीव मारतात. कारण पतंग कोष फोडून बाहेर आला तर हजारेक मीटरचा सलग धागा निघत नाही. पैठणीतलं रेशीम असंच येतं. "पतंग बागेत सोडून देऊ" असं काही मुलांना सांगू नकोस. माणसानं हजारो वर्षं पाळलेला हा पतंग उडत नाही, खात नाही. अंडी घालून थोड्याच दिवसांत मरतो. माझं मत विचारशील तर वर्गातले सगळे पतंग बाहेर येऊ देत. फुटलेल्या कोषांचंही सूत कातता येतं. पण व्यापारी रेशमाची गोष्ट पहिल्याच दिवशी सांग. चौथीच्या पोरांना ती झेपते. अडचण पालकांची होईल.

तुतीचं झाड सापडलं, त्यावर फवारणी होत नाही याची खात्री झाली, की कळव. पुढच्या बॅचमधून तुझ्या अळ्या बाजूला काढतो.

तुझा,
मामा