प्लग खिशात

आमच्या माकणी गावच्या काळ्या जमिनीवर ठेवलेलं काहीच जागच्या जागी राहत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि वर उभी केलेली प्रत्येक वस्तू तिच्याबरोबर हलते. म्हणून माझ्या टेबल सॉचं, म्हणजे गोल पात्याच्या करवत मशीनचं, घडीचं स्टँड मी अंगणातल्या शहाबादी फरशीवर उघडतो. चारही पाय एकेक करून दाबून पाहतो. जो डुगडुगतो, त्याच्याखाली सागाची पातळ पाचर सारतो. डोळस सुतार हे काम नजरेनं उरकतात. मी तळहातानं करतो, आणि माझं अधिक नीट होतं याबद्दल मला शंका नाही.

आमचं घर सुतारांचं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तिफणी, कुळव, बैलगाडीची चाकं केली आणि खळ्यावरून बलुतं आणलं. मला लहानपणापासून रातांधळेपणा. पुढे बाजूचं दिसेनासं झालं, शेवटी समोरचंही गेलं. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिग्मेंटोझा असं नाव सांगितलं. अण्णांनी नाव विचारलं नाही. तिफणीचं चाडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “हात फिरव. लाकूड समदं सांगतंय.”

माझ्याकडे येणारं बरंचसं लाकूड जुनं असतं. 30 सप्टेंबर 1993ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. आमच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर, पलीकडे किल्लारी, अशी गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. माळवदाची घरं होती ती. कित्येक ठिकाणी भिंती कोसळल्या आणि सागाचे खांब-तुळया तेवढ्या उभ्या राहिल्या. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत 52 गावं नव्या जागी वसली, सिमेंटची घरं झाली, आणि जुनं लाकूड गोठ्यात, परसात पडून राहिलं. आज त्याच तुळईतून कुणी नातीचा पाळणा करून मागतो, कुणी देव्हारा. अशी तुळई हातात आली की मी काही वेळ काहीच करत नाही. धुरानं गुळगुळीत झालेली तिची एक बाजू चाचपतो. हिच्याखाली माणसं जगली, काही वाचलीही.

पण जुन्या लाकडाच्या पोटात खिळे असतात. गंजून माथा झडलेला खिळा बोटालाही लागत नाही, आणि पात्याचा कार्बाइडचा दात त्यावर आदळला तर तुकडा उडतो. म्हणून मी दोऱ्याला लोहचुंबक बांधून ते फळीवरून हळूहळू ओढतो. लोखंड असलं की दोरा ताणला जातो. तिथं खूण करायची, पटाशीनं उकरायचं, खिळा काढायचा. मगच लाकूड मशीनजवळ न्यायचं.

यानंतर मशीनची मांडणी. तिचा पहिला नियम असा की वायरीचा प्लग माझ्या खिशात असतो. बोर्डावरचं बटण बंद आहे एवढं मला पुरत नाही, कुणी सांगितलेलंही पुरत नाही. प्लग मांडीला टोचत असेल तरच माझी बोटं पात्याला लागतात. पातं 10 इंची. ते मी उलट्या दिशेनं हातानं फिरवतो, एकेक दात बोटाखालून जाऊ देतो. बोथट झालेला दात नखावर लगेच कळतो.

मापासाठी माझ्याकडे शिसवीचे 7 ठोकळे आहेत: 1, 2 आणि 4 सुतांचे, मग 1, 2, 4 आणि 8 इंचांचे. सुतारांच्या हिशेबात 8 सूत म्हणजे 1 इंच. हे सात ठोकळे हवे तसे जोडले की एका सुतापासून 15 इंच 7 सुतांपर्यंत कुठलंही माप होतं. प्रत्येकाच्या कडेला खाचा आहेत, त्यामुळे हातात घेताच कळतो. पातं आणि फेन्स, म्हणजे फळी जिला टेकून सरकते ती पट्टी, यांच्यामध्ये ते बसवायचे आणि फेन्स सरकवत आणायची. मात्र ठोकळा दाताला टेकवायचा, पात्याच्या पत्र्याला नाही. दात पत्र्याहून दोन्ही बाजूंना थोडे बाहेर असतात, तेवढा फरक कपाटाच्या दारात दिसतो. अमेरिकेतले अंध सुतार आट्यांची सळई वापरतात. ती इंचाला 16 वेळा टक् करते, म्हणजे सुताला 2. मला माझे ठोकळे पुरतात.

फेन्स पात्याला समांतर आहे का, हे सगळ्यात नाजूक. एका दाताशेजारी चिकटपट्टी लावतो. तो दात पुढे आणून ठोकळा घासून पाहतो, मग तोच दात फिरवून मागे नेतो आणि तोच ठोकळा घासतो. घसट दोन्हीकडे सारखी हवी. मागची बाजू आवळलेली असली, तर तिथून वर येणारे दात फळीला उचलतात आणि कामगाराच्या अंगावर फेकतात. अण्णा आणि त्यांचे जोडीदार बाभळीचा ओंडका मोठ्या करवतीनं कापायचे तेव्हा कापात पाचर ठोकायचे, नाहीतर लाकूड मिटून करवत धरायचं. माझ्या मशीनवर पात्याच्या पाठीशी तीच पाचर पोलादाची होऊन उभी आहे. ती काढून काम करणारे सुतार मी ऐकले आहेत. त्यांना डोळे आहेत, तरी मला त्यांची भीती वाटते.

एवढं झालं की फेन्सच्या माथ्यावर हात फिरवतो. तिथं सुतळीचे दोन तुकडे चिकटवलेले आहेत, एक दात सुरू होतात तिथं, दुसरा संपतात तिथं. पहिली सुतळी आली की पुढं फक्त ढकलकाठी जाते, बोटं नाहीत. पात्यावरचं झाकण खाली. बाह्या आवळलेल्या, हातमोजे नाहीत. उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या डावीकडे. मग प्लग खिशातून बाहेर.

पातं मिनिटाला चार हजारांहून अधिक फेरे घेतं, म्हणजे दाताचं टोक सेकंदाला 50 मीटरपेक्षा जास्त पळतं. फळी लागली की आवाज जड होतो, काप संपताच मोकळा होतो. करपल्याचा वास आला तर फळी तिरकी चालली आहे. कडुलिंबाचा भुसा जिभेवर कडू उतरतो, जुन्या सागाचा वास तेलकट आणि उबदार. वीज मध्येच गेली तर आधी स्विच बंद करायचा, नाहीतर ती परत येताच मशीन आपोआप सुरू होईल. गिऱ्हाइकं उंबऱ्यातूनच ओरडतात, “मालक, बोटं जातील की!” त्यांच्या काळजीचा मला राग येत नाही. कापलेला तुकडा मी त्यांच्या हातात देतो.

अंधांचं सुतारकाम माझ्यापासून सुरू झालेलं नाही. 1915 मध्ये लंडनला आर्थर पिअर्सन यांनी सेंट डन्स्टन्स काढलं. ते स्वतः अंध होते. तिथं युद्धात डोळे गेलेले सैनिक सुतारकाम शिकले. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, भारतीय सैनिकांसाठी तसंच केंद्र डेहराडूनला निघालं. पुढे स्टीफन गॅस या अमेरिकन माणसानं बोट लागताच काही सहस्रांश सेकंदांत थांबणारं पातं बनवलं. माणसाच्या अंगातून वीज वाहते, कोरड्या लाकडातून जवळजवळ नाही, एवढ्यावर ते चालतं. तशी मशीन इथल्या सुताराला परवडणारी नाही, आणि ती स्वस्त व्हावी ही माझी मनापासूनची इच्छा आहे, डोळसांसाठीसुद्धा.

आणखी एक इच्छा आहे. आमच्याच तेरणा नदीच्या काठी वरच्या बाजूला तेर गाव आहे. तिथल्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट गावातल्याच लामतुरे संग्रहालयात ठेवली आहे. ती मला एकदा बोटांनी पाहायची आहे.

17 सप्टेंबर 2023ला कारागिरांसाठी केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली. तिच्या 18 धंद्यांत सुतारकाम आहे आणि अवजारांच्या पेटीसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या पेटीत उठावाच्या खुणांची एक पट्टी घालावी, असं माझं सरकारला मागणं आहे. आणि सुतार बांधवांना विनंती: तुमच्या शेडच्या दाराशी एखादं न दिसणारं पोर येऊन उभं राहिलं, तर त्याला बाजूला बसवू नका. प्लग काढून त्याच्या खिशात द्या आणि त्याचा हात पात्यावर ठेवा.