चिखलीच्या चिखलातलं सोनं

निगडीहून स्पाइन रोडला लागलात की थोड्याच वेळात शहराचा नूर बदलतो. इकडे क्रेन, तिकडे ‘टू बीएचके’ची होर्डिंग्ज... ही आपली चिखली! जुन्या माणसांसाठी टाळगाव चिखली, तळवड्यातल्या आयटीवाल्यांसाठी ऑफिसजवळचा फ्लॅट. १९९७ मध्ये हे गाव महापालिकेत आलं. आज इथे सगळीकडे नवीन टॉवर्सचे पाये खणलेले दिसतात.

अशाच एका खोदकामात चक्क सोनं निघालं होतं!

मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सोन्याची २१६ नाणी जप्त केली. वजन २,३५७ ग्रॅम, सोबत कांस्याच्या भांड्याचा तुकडा. चिखलीतल्या एका बांधकामावर ती मजुरांना सापडली होती. त्यांनी कुणालाच कळवलं नाही, पण कुणकुण लागलीच. नाणी साधारण १७२० ते १७५० या काळातली असल्याचं सांगण्यात आलं.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. २,३५७ भागिले २१६, म्हणजे एक नाणं सरासरी १०.९ ग्रॅमचं. मुघल मोहर असायची साधारण ११ ग्रॅमची. हिशेब जुळतो! पण मोहर मुघल म्हणून मालकही मुघल, असं नाही हं. त्या काळी मराठ्यांच्या टांकसाळींतही पातशहाच्या नावाची नाणी पडायची, आणि पेशवाईत आपल्या चिंचवडलाही टांकसाळ होती.

नाण्याचं एक बरं असतं, ते स्वतःच बोलतं. अंगठी सापडली तर? तिच्यावर ना राजाचं नाव, ना साल. ती सोन्याची आहे की नाही, हे सराफ कसोटीवर घासून सांगेल. रेघेवर अ‍ॅसिडचा थेंब टाकला की पितळेची रेघ उडते, सोन्याची टिकते. कॅरेट मीटर तर अंगठीला धक्काही न लावता शुद्धता दाखवतं. पण शुद्धता म्हणजे वय नव्हे! बावीस कॅरेट कालचंही असतं आणि तीनशे वर्षांपूर्वीचंही.

म्हणून आधी भिंगातून आतली बाजू बघा. बीआयएसचा त्रिकोण दिसला तर अंगठी जुनी नाहीच, कारण भारतात सोन्याचं हॉलमार्किंग सुरू झालं २००० मध्ये. ती कुणाची तरी हरवलेली आहे, सरळ पोलिसात द्या. खूण नसेल तर घडण, डाग आणि झीज बघून जाणकार अंदाज बांधतात. पण खरा पुरावा असतो आजूबाजूच्या मातीत. किती खोल होती? शेजारी खापर होतं, की भांडं? चिखलीतला तो कांस्याचा तुकडा म्हणूनच मोलाचा. अंगठी घासूनपुसून चकाचक केलीत किंवा आटवलीत, तर उरतो फक्त ग्रॅमचा भाव.

आणि कायदा? १८७८चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडवलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. जुना मालक किंवा त्याचा वारस निघाला नाही, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा! सरकारने ऐवज स्वतःकडे ठेवला, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश मिळतो. लपवलं तर मात्र वाटा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे रोजंदारीवर फावडं मारणाऱ्या माणसाचाही या सोन्यावर कायदेशीर हक्क असू शकतो. पण हे त्याला सांगतं कोण? साइटवर ‘हेल्मेट घाला’ची पाटी असते, तिच्याशेजारी ही आणखी एक पाटी लावायला बिल्डरला कितीसा खर्च येईल?

चिखली, मोशी, चाकण... खोदकाम तर सगळीकडे चालूच आहे. पुढचा हंडा मराठी आणि हिंदीतल्या अशा पाटीनंतर निघाला, तर मजुराला पैसा मिळेल आणि आपल्याला आपल्या गावाची गोष्ट.