रात्री बारानंतरचा डेटा

सदाशिव पेठेत जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या खिडक्या मध्यरात्र उलटली तरी उजळलेल्या असतात. आत कॉट बेसिसवर राहणारी मुलं. बीडहून, नांदेडहून, धाराशिवहून कॉलेजसाठी पुण्यात आलेली. दोन कॉटमध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा, आणि तरी प्रत्येक जण आपल्या मोबाइलच्या उजेडात एकटा.

पूर्वी मेसला गेलं की समोर ताट घेऊन बसलेला कुणी अनोळखी मुलगा विचारायचा, "गाव कुठलं रे तुझं?" गरम पोळीची वाट बघता बघता ओळख व्हायची. आता अनेकांचा डबा खोलीवरच येतो. डोळे रीलवर, भाजी कसली होती तेही आठवत नाही. घरून फोन येतो. "जेवलास का रे?" "हो." "अभ्यास?" "चालूय." आईला अजून बोलायचं असतं, त्यालाही असतं. पण ज्याला अख्खं गाव नावानं हाक मारतं, त्यानं 'इथं मला कुणी ओळखत नाही' हे आईला कोणत्या तोंडानं सांगावं? फोन बंद होतो आणि अंगठा पुन्हा सरकू लागतो.

2006 साली अझा रास्किन या अमेरिकन डिझायनरनं खाली कितीही सरकवलं तरी न संपणारं पान तयार केलं. पुढे त्याचा त्यालाच पश्चात्ताप झाला. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. रोजचा कोटा रात्री बाराला नव्यानं मिळतो. झोप नसलेल्या मुलाला तेवढं निमित्त पुरतं.

अशा मुलांना आळशी म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं. काहींना मोबाइलच्या या सवयीवर उपचारांची गरज असते, ती नाकारू नये. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून त्यासाठी खास क्लिनिक आहे. पण मोबाइल काढून घेतल्यावर त्या कॉटवर उरतं काय? आधी तिथं माणूस हवा.

तुमच्या इमारतीत अशी मुलं राहत असतील, तर येत्या रविवारी त्यांना जेवायला बोलवा. नाव विचारा, गाव विचारा. कुणी फारच मिटून गेलेलं दिसलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक द्या, लावताना शेजारी बसा. तिथं मराठीत बोलता येतं, फोन चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.